मदत हवी आहे : पोवाड्याच्या ध्वनिमुद्रणासाठी कोणता कंडेन्सर माइक घ्यावा?

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरातील आमच्या छोट्या स्टुडिओत प्रामुख्याने पोवाड्यांचे ध्वनिमुद्रण होते आणि त्यासाठी मोठ्या डायफ्रामचा (आवाजाने कंप पावणाऱ्या पडद्याचा), उत्तम दर्जाचा कंडेन्सर माइक घ्यावयाचा आहे. न्यूमन कंपनीच्या यू ८७ एआय आणि टीएलएम १०३ यांतून निवड होत नाही. पहिल्यात तीन पोलर पॅटर्न (कोणत्या दिशांचा आवाज टिपायचा याचे पर्याय) मिळतात, शिवाय १९६७ पासून चालत आलेल्या या घराण्याचा भरीव आवाज मला मनापासून आवडतो. परंतु पॅड (माइकची संवेदनशीलता उतरवणारी सोय) न लावता तो ११७ डेसिबलपर्यंतच आवाजाचा दाब सोसतो, तर केवळ कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा पॅटर्न) असलेला टीएलएम १०३ तब्बल १३८ डेसिबलपर्यंत. शाहिरांनी चढ्या पट्टीत ललकारी दिली आणि त्याच वेळी डफावर थाप पडली, की हा फरक नुसता कागदावरचा राहत नाही. मात्र टीएलएम १०३ चा ५ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे तीक्ष्ण स्वरांना मिळणारा उठाव तुणतुण्याला टोचरे करील, अशी धास्ती वाटते.

यू ८७ ला १० डेसिबलचे पॅड लावून असा रांगडा, खुला आवाज घेतल्यास त्याचा पोत बदलतो का, हे दोन्ही माइक वापरलेल्यांनी कृपया सांगावे. तसेच आपल्याकडील पावसाळ्यात कॅप्सूलला (माइकमधील आवाज टिपणाऱ्या भागाला) ओल लागून खरखर येऊ नये म्हणून सिलिका जेलसह हवाबंद डबा पुरतो, की ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारे कपाट) घ्यावेच लागते?