स्पॅनिशचा भूतकाळ तुम्हाला कधी उमगला?

स्पॅनिश शिकायला लागून मला चौथं वर्ष चालू आहे. वर्तमानकाळ लवकर जमला, भूतकाळाने मात्र दीड वर्ष खाल्लं. रूपं पाठ होत होती. इंपेर्फेक्तोत, म्हणजे चालू असलेल्या किंवा सवयीच्या भूतकाळात, तर अनियमित क्रियापदं तीनच: सेर (असणे), इर (जाणे) आणि बेर (पाहणे). अडायचं ते निवडीपाशी, इंदेफिनिदो, म्हणजे घडून संपलेल्या गोष्टीचा भूतकाळ, घ्यायचा की इंपेर्फेक्तो? वाट सापडली ती मराठीतून. 'खेळायचो' आणि 'खेळत होतो' ही दोन्ही स्पॅनिशमध्ये 'खुगाबा', आणि 'खेळलो' म्हणजे 'खुगे'. आता वाक्य आधी मनात मराठीत म्हणतो. 'यचो' किंवा 'त होतो' ऐकू आलं की इंपेर्फेक्तो. तुमचं कुठे अडलं, कसं सुटलं, जरूर लिहा. चुकलेलं वाक्य जसंच्या तसं द्या, खरं शिकणं त्यातूनच होतं.

*

ही युक्ती मीही वापरते, पण एका जागी ती फसते. 'मी पाच वर्षं माद्रिदला राहत होते' हे मराठी अगदी बरोबर आहे. त्यावरून मी निबंधात 'बिबिया सिंको आन्योस एन माद्रिद' लिहिलं. बाईंनी 'बिबिया'भोवती गोल काढला, वर 'बिबी' लिहिलं आणि 'सिंको आन्योस'खाली दोन रेघा मारल्या. त्या रेघांचा अर्थ कळायला मला आठवडा लागला. किती काळ ते सांगितलं की त्या काळाला सुरुवात आणि शेवट मिळतो, तो अख्खा एक घटना होऊन जातो, मग तो पाच मिनिटांचा असो की पन्नास वर्षांचा. 'मी माद्रिदला राहत होते तेव्हा...' अशी सुरुवात केली तर मात्र 'बिबिया'च हवं, कारण तिथे आपण त्या दिवसांच्या आत उभे असतो. मराठीत दोन्हीकडे 'राहत होते' चालतं, म्हणून आपला कान इथे इशारा देत नाही.

*

माझी अडचण आघाताची. 'पागो'मध्ये जोर 'पा'वर दिला तर 'मी पैसे भरतो', 'गो'वर दिला तर 'त्याने भरले'. लिहिताना शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ येते, बोलताना फक्त जोर. स्पेनमध्ये सालामांकाला शिकत असताना घरातल्या मैत्रिणीने विचारलं, विजेचं बिल कोणी भरलं? तिसऱ्या मुलाने भरलं होतं, तेच मला सांगायचं होतं. जोर पडला 'पा'वर. तिने 'ग्रासियास' (धन्यवाद) म्हणत बिल माझ्या हातात ठेवलं! त्या रात्री पन्नास क्रियापदं मोठ्याने म्हटली, प्रत्येक जोडी दोनदा.

*

'फुए' म्हणजे 'तो गेला' आणि 'तो होता'सुद्धा, कारण सेर आणि इर यांची इंदेफिनिदोतली रूपं एकच. घाबरू नका. पुढे 'आ' (आपला 'ला') आणि ठिकाण आलं की बहुतेक वेळा 'गेला'.

*

मी दुभाषी आहे. एका बैठकीच्या टिपणात 'नो किसो फिर्मार' असं लिहिलं. मला म्हणायचं होतं, एका गृहस्थांना सही करायची नव्हती, मन होत नव्हतं. पण इंदेफिनिदोत 'नो किसो' म्हणजे त्यांनी नकार दिला. त्यांनी तर शेवटी सही केली होती! हवं होतं 'नो केरिया'. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, मी नकार कधी दिला? मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून अशी क्रियापदं वेगळी लिहून ठेवते: 'कोनोसिया' म्हणजे ओळखत होते, 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली, 'साबिया' म्हणजे माहीत होतं, 'सुपे' म्हणजे कळलं. बघा, मराठीत यांना वेगळे शब्दच आहेत.

*

'मी घर घेतलं', 'मी गाडी घेतली' ही सवय इतकी मुरलेली की 'कासा' (घर) स्त्रीलिंगी म्हणून 'ए कोंप्रादा ला कासा' लिहायचो. आबेर या सहायक क्रियापदासोबत (इथलं 'ए' त्याचंच) ते रूप बदलत नाही, 'कोंप्रादो'च राहतं. मराठीत क्रियापद कर्माकडे बघतं, तिथे कर्त्याकडे. एवढं समजलं आणि चुका थांबल्या.

*

स्पेनमधल्या पुस्तकावर शिकले, शिक्षिका मेक्सिकोच्या. आज सकाळी न्याहारी केली, हे पुस्तकात 'ए देसायुनादो', त्यांच्या तोंडी 'देसायुने'. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. इंपेर्फेक्तोला त्या 'कोप्रेतेरितो' म्हणतात, व्याकरणकार आंद्रेस बेयोंनी 1847च्या व्याकरणात दिलेलं नाव. त्यातल्या 'को'ने मला सगळं उलगडलं: सोबतचा भूतकाळ. 'योबिया कुआंदो सोनो एल तेलेफोनो.' फोन वाजला, तेव्हा पाऊस सोबतीला चालूच होता.

*

धागा काढणारा पुन्हा. 'सिंको आन्योस'वाल्या ताई, मनापासून आभार. गेल्या आठवड्यातला निबंध काढून पाहिला. आजोबांविषयी लिहिताना 'त्राबाखाबा त्रेइंता आन्योस' (तीस वर्षं काम करत होते) लिहून बसलोय. 'त्राबाखो' करतो, जोर शेवटच्या अक्षरावर.