शेड सगळ्यांचं, किल्ली माझ्याकडे! (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी मागते.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका बंद पडलेल्या पॅटर्न शॉपचं शेड आम्ही बावीस जण मिळून चालवतो. १८ बाय ४० फूट, तीन बाजूंनी विटांच्या भिंती, वर पत्रा, पुढं शटर. पूर्वी इथं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, व्हायचे. अजूनही पाऊस पडला की कोपऱ्यातून भुशाचा वास येतो. आता एका भिंतीला ईझल, मागं ड्रम किट आणि दोन अ‍ॅम्प, मध्ये सतरंज्या. मंगळवारी चित्रवाले, गुरुवारी नाटकवाले, शनिवारी कार्यक्रम. एक रॅप करणारा आणि एक ख्याल गाणारी अशी जोडीही एकदा बसवून पाहिली. वाईट झालं, पण झालं. जागेला नाव नाही, 'शेडवर ये' म्हटलं की कळतं.

हे सुरू झालं ते केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली त्यानंतर. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं थिएटर. तिथं प्रयोग लावण्याएवढे आम्ही कुणीच मोठे नव्हतो. पण मोठ्यांचे कार्यक्रम लहान हॉलकडे वळले आणि लहान हॉलवाले आम्ही रस्त्यावर आलो. मग एकाच्या ओळखीनं हे शेड मिळालं.

आता अडचण. भाडेकरार माझ्या नावावर आहे. का, तर मी एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघते, पगाराची स्लिप माझ्याकडं होती. भाडं ९,०००, लाईट बिल दीड-दोन हजार. वर्गणी माणशी ५००, म्हणजे ११,००० जमायला हवेत. रोजमेळ मीच लिहिते म्हणून सांगते, गेल्या सहा महिन्यांत एकदाही ८,००० च्या वर गेलेली नाही. उरलेले कुठून येतात हे विचारू नका.

आमच्यातल्या एका साइनबोर्डवाल्यानं आतल्या भिंतीवर लिहिलंय, 'ही जागा आपल्या सगळ्यांची आहे.' अक्षर असं की बघत राहावं. त्याच्या बरोब्बर खाली झाडू टेकवलेला असतो. गेल्या शनिवारी रात्री अकराला मी एकटी सतरंजीवरचा अ‍ॅक्रिलिकचा डाग ओल्या फडक्यानं घासत होते, बाजूला चहाच्या कागदी कपांचा ढीग, आणि बाहेर कट्ट्यावर सातआठ जण 'कलेतली सामूहिकता' वर बोलत बसलेले. रागानं नाही लिहीत. म्हणजे थोडं रागानंच.

दुसरी गोष्ट आवाजाची. समोरच्या आजी भल्या आहेत. म्हणाल्या, "गाणं चालू दे गं पोरी, पण ते धप्प धप्प छातीत बसतंय." त्यांच्या मुलानं मात्र पोलिसांना फोन केला. हवालदार आले तेव्हा नऊ चाळीस झाले होते. त्यांनी नाव कुणाचं लिहून नेलं, ते ओळखा. आम्ही अंड्याचे दोनशे ट्रे गोळा करून भिंतीला चिकटवले, घरच्या जुन्या वाकळा टांगल्या. आत आवाज छान झाला, आजींच्या छातीत काही फरक नाही.

चांगलंही सांगते. पोरांनी आसपासच्या कारखान्यांतून टाकाऊ पॅलेटं आणून मागच्या बाजूला माळा केलाय, जिनाही पॅलेटांचाच. वर आठदहा जण बसतात. खिळे सोडले तर सगळं फुकट!

विचारायचं हे की संस्था नोंदवावी का, म्हणजे माझी मान सुटेल? ड्रमचं काय करावं? आणि मी मुकादम न होता कामं कशी वाटावीत? मला मालकीण व्हायचं नाही. सोडूनही जायचं नाही.

---

मिक्सरमागचा:

अंड्याचे ट्रे काढून टाका. ते आतला वरच्या पट्टीतला घुमारा थोडा कमी करतात, बाहेर जाणारा आवाज अडवत नाहीत. आवाज अडवतं वजन, आणि पत्र्याला वजन नसतं. वाकळा राहू द्या, त्या ट्रेपेक्षा बऱ्या.

आजींना ऐकू येतो तो किक ड्रम (पायानं वाजतो तो) आणि बेस. तो दोन वाटांनी जातो. एक, जमिनीतून आणि भिंतीतून: ड्रम किट कोब्यावर थेट ठेवू नका, खाली जाड रबर, त्यावर दुहेरी प्लाय, मग किट. दोन, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून. ती फट वीट-सिमेंटनं बुजवता येते, पण मग उन्हाळ्यात आत भट्टी होईल, तेव्हा रस्त्याकडची बुजवा आणि मागची राहू द्या. अ‍ॅम्पचं तोंड शटरकडं असेल तर आजच फिरवा. आणि ड्रमरला सांगा हळू वाजव. तो ऐकणार नाही, तरी सांगा.

कायदा म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक भागाला दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल मर्यादा आहे, निवासी भागाला ५५ आणि ४५. रात्र म्हणजे १० ते ६. तुमचा भाग औद्योगिक म्हणून हवालदाराशी वाद घालाल, पण आजींची छाती निवासी आहे. त्यांच्याशी बोलून वेळ ठरवा.

---

लाल_माती:

ताई, मी दहा वर्षं कुस्तीच्या तालमीत होतो, आता पोट सुटलंय. आमच्याकडं सकाळी जो पहिला येईल तो खोरं घ्यायचा. मातीचा हौदा उकरून झाल्याशिवाय कुणी लंगोट बांधत नव्हतं, मग तो जत्रेत गदा मारून आलेला असू दे. वस्ताद ओरडत नव्हते. माती घट्ट असली की आपलंच अंग मोडतं, एवढं पुरायचं.

तुमची चूक अशी दिसते की झाडलोट कार्यक्रमानंतर ठेवलीय. नंतर कोण थांबतंय? ती आधी घ्या. त्या दिवशी वाजवणार-गाणार त्यांनी तासभर आधी यायचं, झाडायचं, सतरंज्या घालायच्या, मग अ‍ॅम्पचा स्विच. मेन स्विचजवळच झाडू अडकवा, अक्षराखाली नको.

---

बेएरियातला_सातारकर:

बाकी सगळं नंतर. आधी तो माळा उतरवा. आज.

मी कॅलिफोर्नियात बर्कलीला राहतो. शेजारच्या ओकलंडमध्ये २ डिसेंबर २०१६ च्या रात्री एका गोदामात आग लागली. तुमच्यासारखीच जागा: कलाकारांनी स्वतः रचलेली, आत लाकूड, कापड, जुनं फर्निचर, वर संगीताचा कार्यक्रम चालू. वर जायला जो जिना होता त्यात पॅलेटं वापरलेली होती. ३६ माणसं गेली. 'घोस्ट शिप' नावानं शोधा, नकाशेही सापडतील. ते बघून मला तुमच्या पोस्टमधला 'फुकट' शब्द वाचवेना.

तुमच्याकडं बाहेर पडायला वाटा किती? फक्त शटर? आणि अ‍ॅम्प, पंखे, दिवे किती एक्स्टेन्शन बोर्डांवर आहेत?

कामाच्या वाटणीबद्दल. बर्कलीतच ९२४ गिलमन ही जागा १९८६ च्या ३१ डिसेंबरला उघडली, पंक बँडांसाठी, आणि स्वयंसेवकांवर चालत आली आहे. मी काही महिने दारावर बसायचो. सभासद कार्ड असतं, बैठकीत मतदान होतं, दारू नाही. नियम कागदावर नाहीत, भिंतीवर रंगवलेत. ज्यानं दारावर, स्टेजवर किंवा साफसफाईला काम केलं त्याला शो फुकट. काम करणारा तिथं उपकार करत नसतो, तिकिटाऐवजी काम करत असतो. तुमच्या साइनबोर्डवाल्याकडून आणखी एक भिंत रंगवून घ्या.

---

धागाकर्ती:

@बेएरियातला_सातारकर, वाचून हातपाय गार पडले. वाट एकच, शटर. मागं एक लोखंडी दरवाजा आहे पण त्याच्यापुढं मालकांचं रॅक उभं आहे, पॅटर्नचे जुने नमुने भरलेलं. एक्स्टेन्शन बोर्ड मोजले. सात. त्यातले दोन एकमेकांत खोचलेले. आणि चित्रवाल्यांची टर्पेंटाइनची बाटली कुठं असते, तर माळ्याच्या जिन्याखाली.

@लाल_माती, 'अक्षराखाली नको' वाचून पोट धरून हसले.

नोंदणीबद्दल कुणी सांगेल का?

---

निवृत्त_बारनिशी:

आयुष्य कचेरीत गेलं, म्हणून सांगतो. सोसायटी नोंदवायला १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात त्याच संस्थेची सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंदणी होते, सहायक धर्मादाय आयुक्तांकडं. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज. लोक हाच अर्ज विसरतात, आणि दहा वर्षांनी कागदावर अशा माणसांची नावं असतात जी पुण्याला स्थायिक झालीत. बावीसपैकी सात जण पाच वर्षं सह्या करायला येतील का, हे आधी स्वतःला विचारा. नोंदणीनं तुमची मान आपोआप सुटत नाही.

तोवर दोन गोष्टी करा. भाडेकरार तिघांच्या नावावर करून घ्या, आणि तो नोंदवलेला हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर आहे. मालक 'कशाला खर्च' म्हणतील, तर त्यांना सांगा की नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवणं मालकावर येतं. लगेच तयार होतात.

दुसरं बँक खातं. तिघांचं संयुक्त उघडा, वर्गणी तुमच्या पगाराच्या खात्यात घेऊ नका. उद्या आयकराला काय सांगाल?

तिकीट लावता का? माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत-नाटकाच्या प्रवेशाला जीएसटी माफ आहे, तेव्हा त्याची भीती नको. पण तिकीट लावून सार्वजनिक कार्यक्रम म्हटला की पोलीस परवाना येतो आणि नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. दुसऱ्यांची गाणी वाजवत असाल तर त्याचाही परवाना. हौशी मंडळानं पैसे न घेता सादर केलं तर कॉपीराइट कायद्यात सूट आहे, दारावर डबा ठेवलात की ती सूट गेली असं समजून चाला.

---

जुना_दादरकर:

जागा स्वतःची हवीच का? 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलात प्रायोगिक नाटकाची एवढी चळवळ उभी केली, हॉल शाळेचा. पुढं माहीमला महापालिकेच्या शाळेत गेले. शनिवार-रविवार रिकामी शाळा बघा, भाड्याची कटकट जाईल.

---

मिक्सरमागचा:

@जुना_दादरकर, शाळेत ड्रम किट कुठं ठेवणार काका? सोमवारी पोरं फोडतील.

---

धागाकर्ती (चार आठवड्यांनी):

कुठवर आलंय ते सांगते.

माळा उतरवला. ज्यानं बांधला होता तो दोन दिवस बोलला नाही, मग स्वतःच पहार घेऊन आला. चांगल्या पॅलेटांचं स्टेज केलं, वीतभर उंच. मालकांना मागच्या दारासाठी तीनदा फोन केले, चौथ्यांदा त्यांच्या घरी जाऊन चहा घेतला. रॅक हललं. त्यातला एका पंपाच्या बॉडीचा सागवानी नमुना त्यांनी आम्हाला ठेवायला दिला. चित्रवाले तो काढत बसलेत. वायरमननं नवी लाईन ओढली, एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच) बसवले, ६,४०० रुपये झाले. अग्निशामक दोन घेतले. टर्पेंटाइन आता बाहेर पत्र्याच्या पेटीत.

झाडू मेन स्विचजवळ. पहिल्या शनिवारी बँडवाले अर्धा तास उशिरा आले, झाडण्यात वेळ गेला, कार्यक्रम उशिरा सुरू झाला, दोन गाणी कापावी लागली कारण पावणेदहाला थांबायचं ठरलंय. पुढच्या शनिवारी वेळेवर आले.

ड्रम रबर-प्लायवर. आजींच्या घरात आमची एक मुलगी फोन धरून उभी, इकडं ड्रमर किक मारतोय. "आता?" "हाय अजून." किट मागच्या भिंतीकडं सरकवलं. "आता?" "कमी हाय." मग फोनवर आजीच आल्या, म्हणाल्या, "मघाशी ती बाई गात होती ती का थांबली?"

नवीन करारावर तिघांची नावं पडणार आहेत. दोघं झाले, मी धरून. तिसऱ्यासाठी ग्रुपवर विचारलंय, सगळ्यांनी अंगठा दाखवलाय, नाव कुणी दिलेलं नाही. किल्ल्या मात्र तीन करून आणल्या, एक माझ्या पर्समध्ये, दोन रोजमेळाच्या वहीत ठेवल्यात.

आणि एक राहिलंच. जूनमध्ये पाऊस लागला की पत्र्याखाली माईकवरचंही ऐकू येत नाही, तबल्याचं चामडं ओलसर होऊन स्वर उतरतो. पत्र्यावर काही टाकून आवाज कमी होतो का? स्वस्तात, आणि पेट न घेणारं काही?