दम्याच्या गाईडलाईन्सना मार्क देतोय, दोघींचं जुळत नाहीये

निशिगंध_एमडी:
नमस्कार मंडळी, थीसिससाठी दम्याच्या गाईडलाईन्स अ‍ॅग्री टूने (गाईडलाईनचा दर्जा मोजायचं ठरलेलं साधन) तपासतेय. 23 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 7 मार्क. मी आणि मैत्रीण वेगवेगळं बसून केलं. बाकी ठीक, पण संपादकीय स्वातंत्र्याच्या भागात, म्हणजे पैसा कुणाचा नि तज्ज्ञांचे कंपन्यांशी संबंध काय, तिथे एका गाईडलाईनला मी 2 आणि 3 दिलेत, तिने 5 आणि 6. फॉर्म्युल्यात 50 टक्के येतात. असंच लिहू का? आणि सगळ्याची बेरीज करून पहिला नंबर काढता येतो का, सरांना तोच हवाय.

कोकणकडा:
बेरीज अजिबात करू नकोस, मॅन्युअलमध्येच म्हटलंय की सहाही भागांचे मार्क वेगळे ठेवा. हिशोब बरोबर आहे, एकूण 16, कमीत कमी 4, जास्तीत जास्त 28, म्हणून 50. पण त्या 50 मध्ये तुमचं भांडण लपलंय ना! बहुतेक एकीने फक्त मुख्य पीडीएफ वाचलीय आणि दुसरीने वेबसाईटवरची पुरवणीपण. जमलं तर अजून दोघांना घ्या, दोन हे किमान आहे, चार असलेले बरे.

गावाकडचा_डॉक्टर:
ताई, एक सांगतो, हे मार्क गाईडलाईन कशी बनवली आणि ते नीट लिहिलंय का याचे असतात, आतला सल्ला आज बरोबर आहे का याचे नाहीत. कितीतरी वर्षं सौम्य दम्याला पहिल्या पायरीवर नुसता सॅल्ब्युटामॉलचा, म्हणजे लगेच श्वास मोकळा करणारा, पंप लिहायचो, 2019 ला जीनाने (दम्यावरची जागतिक संस्था) सांगितलं की मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसता तो देऊ नका, सोबत श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हवंच. त्याआधीची एखादी व्यवस्थित बनवलेली गाईडलाईन आजही मस्त मार्क घेईल. म्हणून वर्ष बघा. आणि अंमलबजावणीच्या भागाला हलकं घेऊ नका, माझ्याकडे पेशंट बरं वाटलं की पंप बंद करतात, सवय लागेल म्हणून घाबरतात, पंप ओढायला कोण शिकवणार, खर्च किती, हे ज्यात नाही ती माझ्या ओपीडीत कपाटातच राहते.

निशिगंध_एमडी:
कोकणकडा, अगदी तसंच निघालं, संबंधांची माहिती पुरवणीत होती आणि मी ती उघडलीच नव्हती 🙏 परत मार्क देतेय. डॉक्टर, वर्षाचा वेगळा कॉलम टाकते. जीना स्वतःला गाईडलाईन नाही, स्ट्रॅटेजी रिपोर्ट म्हणवते, मग तिला ह्याच मापाने मोजायचं का?

कोकणकडा:
मोज, पण हे पद्धतीच्या भागात स्पष्ट लिही.