मदत हवी आहे: प्लग बदलल्यापासून गाडी मिसिंग मारतेय (तातडीचं)

नवा_पानेवाला
रविवारी घरीच प्लग बदलले. व्हिडिओ बघून केलं, पाऊण तासात झालं. पण तेव्हापासून गाडी मिसिंग मारतेय. सिग्नलला उभी असताना सीट थरथरते, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की आचके देते. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवाही लागलाय. शुक्रवारी आईला घेऊन पुण्याहून साताऱ्याला जायचंय, खंबाटकी चढायची आहे. काय असेल? गॅरेजला न्या असं कृपया कुणी सांगू नका. त्यांनी मजुरी सांगितली तेवढ्यात माझा पान्यांचा सेट आला.

पडवीवरून
कुठली गाडी? किती चाललीय? पत्रिका बघायला निदान जन्मसाल तरी द्या.

घाटमाथा
माझीपण अशीच थरथरायची. इंधन फवारणारे इंजेक्टर चारही काढून टेस्टिंगला दिले, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढलं, लोण्यासारखी चालली. तेच करा.

पडवीवरून
घाटमाथा, त्यांनी प्लग बदललेत. पेट्रोल असणार.

घाटमाथा
डिझेलला गार इंजिन चालू करायला ग्लो प्लग असतात. माहिती असू द्यावी.

नवा_पानेवाला
पेट्रोलच आहे हो. स्विफ्ट, २०१२, ९४ हजार किमी. अजून काय पाहिजे?

जुना_फिटर
दिवा नुसता लागलाय की लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर गाडी जागची हलवू नका. न जळलेलं पेट्रोल पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो आतून वितळतो. मग पान्यांच्या सेटचा हिशोब विसरा.
आमच्या पद्मिनी गाडीच्या काळी सोपं होतं. इंजिन चालू ठेवून एकेक प्लगची वायर उपसायची. जी उपसल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला.

कोड_वाचक
काका, ते आता सांगू नका, कुणीतरी खरंच करेल. ह्या इंजिनला वायरच नाहीत, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल बसते. चालू इंजिनावर ती उपसली की झटका नाहीतर कॉइल बाद.
धागाकर्ते, गाडीच्या संगणकातला बिघाडाचा कोड मोबाइलवर दाखवणारं ओबीडीचं ब्लूटूथ डोंगल मागवा आणि कोड वाचा. पी०३०० म्हणजे मिसफायर (तुमचं ते मिसिंग) कुठल्याही सिलिंडरमध्ये होतोय. पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा.

इथेनॉल_विरोधक
सगळे उगाच डोकं खाजवताय. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल! २०१२ ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही.

कोड_वाचक
बनलेली नाही, मान्य. पण शनिवारपर्यंत तेच पेट्रोल पिऊन नीट चालत होती. रविवारी काय बदललं?

इथेनॉल_विरोधक
टाकीत पाणी साचायला वेळ लागतो. तुमच्यासारख्यांमुळेच हे खपतंय.

जुना_फिटर
त्याचा वेगळा धागा काढा की. तिथे मीपण येतो भांडायला.

नवा_पानेवाला
शेजाऱ्याचं डोंगल आणलं. पी०३०३. दिवा पाय दिल्यावर लुकलुकतो, एरवी नुसता लागलेला. आता?

कोड_वाचक
झालं, अर्धं काम झालं. गाडी बंद करा, तीनची कॉइल एकवर आणि एकची तीनवर लावा. कोड पुसून पाच मिनिटं उभ्या गाडीवर इंजिन चालू ठेवा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेलीय. तीनवरच राहिला तर कॉइल ठीक, मग प्लगची अदलाबदल करा. तरीही तीनच, तर इंजेक्टर आणि शेवटी सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. नवीन काहीही विकत घेऊ नका अजून.

बुलेटराजा
अवांतर: माझ्या बुलेटचा प्लग दर महिन्याला काळा पडतो. इरिडियम टाकू का?

नवा_पानेवाला
केलं. पी०३०३ च आहे. म्हणजे कॉइल नाही. आता इंजेक्टर ना?

जुना_फिटर
थांबा. तीन नंबर कुठल्या बाजूने मोजलात?

नवा_पानेवाला
बॅटरीच्या बाजूने. का?

जुना_फिटर
हात जोडले. एक नंबर बेल्टच्या बाजूला असतो. तुम्ही दोन आणि चारची अदलाबदल केलीत, तीनला हातही लागला नाही. परत करा.

पडवीवरून
आणि ते प्लग बसवण्याआधी टोकाची फट, म्हणजे गॅप बघितली होती का? कुणाच्या हातून काही पडलं वगैरे?

नवा_पानेवाला
गॅप कंपनीतूनच येते ना? एक प्लग फरशीवर पडला होता. कुठला ते आठवत नाही. दिसायला काही झालेलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

कोड_वाचक
🤦

जुना_फिटर
पडलेला प्लग मी सायकललासुद्धा लावत नाही. एकतर चिनीमाती तडकते आणि ठिणगी बाहेरून पळते, नाहीतर टोकाची पट्टी दाबली जाऊन गॅप मिटते. गॅप साधारण १ मिमी पाहिजे. ती मोजायची फीलर गेज त्या सेटमध्ये असेल, नसेल तर पैशांकडे बघू नका.

बुलेटराजा
माझं कुणी सांगितलं नाही.

नवा_पानेवाला
अपडेट. बेल्टकडून मोजून तीन आणि एकच्या कॉइल बदलल्या, कोड तीनवरच राहिला. मग तीनचा प्लग काढला. पट्टी इतकी दाबली गेलीय की लग्नपत्रिकेचा कागदसुद्धा आत जात नाही. तोच पडलेला. नवीन आणला, गेजने गॅप मोजून लावला. थरथर गेली, कोड परत आला नाही. जुना_फिटर, कोड_वाचक, पडवीवरून, मनापासून आभार. आई म्हणते साताऱ्याचे कंदी पेढे पाठव त्यांना.
फक्त एक. आता आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे) मिनिटाला हजाराच्या वर राहतंय, आधी एवढं नव्हतं. हे प्लगमुळेच का?

कोड_वाचक
प्लगमुळे आयडल वाढत नाही. कुठूनतरी जास्तीची हवा आत जातेय. प्लग बदलताना हवेच्या फिल्टरचा डबा काढला असेल, त्याची नळी परत बसवलीत ना?

नवा_पानेवाला
बसवली. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी पण त्याच दिवशी स्प्रे मारून साफ केली होती, पण ती तर स्वच्छच झालीय.

जुना_फिटर
त्या रविवारी अजून काय काय केलंत, एकदा सगळं लिहून काढा बघू.

नवा_पानेवाला
एवढंच. आणि बॅटरीचे टर्मिनल घासले.