मीठ वगळा, उकळतं पाणी ओता

तण मारायला मीठ, व्हिनेगर आणि भांड्यांचा साबण मिसळून फवारा, असा घरगुती उपाय सांगितला जातो. त्यातलं मीठ कृपा करून वगळा. ते मातीत साठतं, पाण्याबरोबर शेजारच्या जास्वंदीच्या मुळाशी जातं आणि भिंतीलगत टाकलं तर आतल्या सळ्यांना गंज चढायला मदतच होते. आमच्या नेरूळला खाडीचा खारा वारा आहे तेवढा पुरे!

पेव्हर ब्लॉकच्या फटींसाठी नुसतं उकळतं पाणी उत्तम. किटलीच्या तोटीने थेट बुंध्यात ओतायचं. पानं बघता बघता गडद, लिबलिबीत होऊन माना टाकतात. जुनं तण असेल तर आठवड्याने परत ओतावं लागतं. घरातलं व्हिनेगर जेमतेम ४-५ टक्के आम्लाचं, ते कोवळी पानं जाळतं, मुळं नाही. लव्हाळ्यावर तर दोन्ही उपाय फुकट, जमिनीतल्या गाठींतून तो पुन्हा वर येतोच. पावसात माती मऊ असताना खुरप्याने गाठींसकट काढा. गाजरगवत मात्र फुलायच्या आत उपटा, तेही हातमोजे घालून, कारण अनेकांना त्याने पुरळ उठतं.

आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.