दारू प्यायला परवाना, तोही 'आरोग्यासाठी'! सरकारला माझ्या ग्लासात डोकवायचा हक्क कुणी दिला?

भटका_पक्षी:
राग आलाय म्हणून लिहितोय, कुणाला टोचलं तर टोचू दे. माझं वय 23. 18 ला मत देता येतं, 21 ला लग्न करता येतं, पण महाराष्ट्रात बियर-वाईनच्या पुढचं काही प्यायचं तर 25 पूर्ण पाहिजेत, आणि 25 झाल्यावरही राज्य उत्पादन शुल्कचा परवाना लागतो, अगदी स्वतःच्या घरात दार लावून प्यायची असली तरी. त्या परवान्याचं कारण काय, तर आरोग्य राखण्यासाठी! म्हणजे शनिवारी मित्रांबरोबर बसायचंय हे खरं कारण चालत नाही, तब्येतीसाठी पितो असं कागदावर आलं पाहिजे. सरकारच नागरिकाला खोटं बोलायला लावतंय.

मागे गोव्याहून येताना नाक्यावर बस थांबवली, शेजारच्या काकांच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली निघाली. पन्नाशीचा सरळमार्गी माणूस, सगळी बस बघतेय आणि हे हात जोडून साहेब साहेब करतायत, शेवटी बाजूला नेऊन काय ते 'मिटवलं'. पिऊन गाडी चालवणाऱ्याला पकडा, बायकोला मारणाऱ्याला आत टाका, मी साक्षीला येतो. पण कुणाला त्रास न देता घरी पिणाऱ्याला गुन्हेगार का ठरवता?

काउंटरवाला:
वाईन शॉपवर काम करतो म्हणून सांगतो. एक दिवसाचा परवाना 5 रुपयांचा, देशीचा 2 रुपयांचा, वर्षाचा 100 आणि आजीवन 1000. पैशाचा प्रश्नच नाही. पण संध्याकाळी सातला पगाराच्या दिवशी काउंटरवर ही गर्दी असते, परवाना दाखवा म्हणलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, मग हिशोब जुळवायला दुकानदारच पुस्तकातून परवाने फाडतात, कुठलं तरी नाव टाकून. सगळ्यांना माहितीये. कायदा पाळला जात नाही पण कागद भरला जातो, आणि उद्या कुणाला अडकवायचं ठरवलं तर तोच कागद बाहेर येतो. माझा आक्षेप त्याला आहे.

लालबागचा_म्हातारा:
बाळा, तुला आत्ताचं जाच वाटतंय, आम्ही मोरारजीभाई देसाईंची दारूबंदी बघितली. 1949 चा मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा, नाव बदलून आजही तोच चालू आहे, आणि 1960 ला राज्यं वेगळी झाली तेव्हा गुजरातने पण तोच घेतला, तिथे बंदी राहिली, आपल्याकडे परवान्याची ढील मिळाली. बंदीच्या काळात दारू बंद झाली का? अजिबात नाही. हातभट्टी ट्यूबमध्ये भरून यायची, गल्लीगल्लीत आंटीचे अड्डे होते, हप्ता कुठे जातो ते शेंबडं पोर सांगायचं. गिरणीतून सुटलेला माणूस काय पितोय त्याचा भरवसा नाही, आमच्या चाळीतल्या एकाचे डोळे गेले त्यात. ज्याच्याकडे डॉक्टर आणि ओळख होती त्याला परमिट मिळायचं, बाकीच्यांनी विष प्यायचं.

वर्ध्याची_मुलगी:
सगळ्यांचं वाचलं, आता माझंही ऐका. गांधीजींचा जिल्हा म्हणून आमच्याकडे सत्तरीच्या दशकापासून दारूबंदी, गडचिरोलीत 1993 पासून, चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली. बंदी असून मिळते हे मलाही दिसते, मी आंधळी नाही. पण 'माझा ग्लास माझी मर्जी' म्हणणाऱ्या दादाने एकदा गावात येऊन पाहावं, शाळेच्या वाटेवर गुत्ता असला की पोरी कशा खाली मान घालून पळत जातात. मजुरीचे पैसे घरी पोचायच्या आधीच संपतात, तिथे त्या बाईच्या स्वातंत्र्याचं काय?

आमच्यासारख्या बायांच्या हातात राज्यात एकच हत्यार आहे, उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान, म्हणजे दारूचं दुकान राहू द्यायचं तर उभ्या बाटलीला मत, बंद करायचं तर आडव्या बाटलीला. तेही किती अवघड करून ठेवलंय, मतदानाला आलेल्या नाही तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी केली पाहिजे. ज्या लग्न होऊन गेल्या, ज्या मजुरीला बाहेरगावी आहेत, सगळ्या विरोधात मोजल्यासारख्याच. आमदार असा निवडून येतो का हो?

कलम_बहाद्दर:
भटका_पक्षी, आधी एक स्पष्ट करतो, गोव्याच्या बाटलीवर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो, ते प्रकरण नुसत्या परवान्याचं नाही.

बाकी मुद्दा दमदार आहे. 1951 ला याच दारूबंदी कायद्याला आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याचा बराचसा भाग टिकवला, अल्कोहोल असलेली औषधं नि प्रसाधनं वगैरेंवरची बंधनं तेवढी उडवली. घटनेचं कलम 47 तर राज्याने दारूबंदीसाठी प्रयत्न करावेत असंच सांगतं. पण 2016 ला मुंबई हायकोर्टाने राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, माणूस घरात काय खातो ही त्याची खासगी बाब आहे म्हणून, आणि 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मग घरात पिण्याच्या परवान्याला 1951 चा निकाल आजही पुरेल का, हे कोर्टात विचारण्यासारखं आहे. आणि मोहाचं विसरू नका, आदिवासींच्या देवाधर्माला लागणारी फुलं साठवायलासुद्धा याच कायद्यात बंधनं घातली होती, तेव्हा शहरातल्या कुणाला स्वातंत्र्य आठवलं नाही.

भटका_पक्षी:
ताई, तुमच्या गावातला गुत्ता उठवायला माझा विरोध नाही, दुकान कुठे असावं हे गावाने ठरवावं, आणि यादीतल्या निम्म्या बायांची अट मला माहीतच नव्हती, ती चूकच आहे. पण गुत्ता बंद करायला माझ्या घरातला परवाना कशाला लागतो, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आमदारांना पत्र लिहितोय, दोन्ही मागण्या टाकतो: घरात पिण्यासाठीचा परवाना काढून टाका, आणि आडव्या बाटलीचा निकाल प्रत्यक्ष पडलेल्या मतांच्या बहुमताने ठरवा. कलम_बहाद्दर, मसुदा बघून द्याल का? आणि ताई, दुसऱ्या मागणीचा मजकूर तुम्हीच लिहा.