काँगोवाल्यांना भाषा पोर्तुगिजांनी दिली म्हणे!

रानवारा: परवा खवचटखंडूंनी ठोकून दिलं: आफ्रिकेत नुसत्या टोळ्या, किकोंगोला, म्हणजे कोंगो राज्याच्या भाषेला, आकार दिला तो पाद्र्यांनी, उपकार माना. वाचून डोकं उठलं. अहो, १४८३ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काओ काँगो नदीच्या मुखाशी पोचला तेव्हा राजधानी म्बान्झा कोंगोत राजा नांदत होता, प्रांतांवर सुभेदार होते, लुआंडा बेटावरच्या शंखांचं चलन चालत होतं. पोर्तुगिजांच्या पदरात काही घालायचंच असेल तर गुलामांची जहाजं घाला.

खवचटखंडू: डोकं उठलं तर बाम लावा. १६२४ ला किकोंगोतली ख्रिस्ती शिकवणी लिस्बनमध्ये छापली, १६५९ ला ब्रुशोत्तो या इटालियन पाद्र्याने रोममधून किकोंगोचं व्याकरण काढलं. किकोंगो ज्यात मोडते त्या आफ्रिकेतल्या बान्टू भाषांतलं पहिलं! हे काय तुमच्या सुभेदारांनी केलं? आणि माणसं विकायला राजेच पुढे होते.

रानवारा: विकले, युद्धकैदी विकले, कोंगोचा राजा अफोन्सोनेही. पण त्याच अफोन्सोने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला कळवलं की तुमचे व्यापारी आमच्या सरदारांची पोरं, माझे नातेवाईकसुद्धा पळवून नेतात. तेही वाचा कधीतरी. आणि छपाईचंच म्हणाल तर फादर स्टीफन्सचं मराठी क्रिस्तपुराण १६१६ चं. म्हणजे मराठीही पाद्र्यांनी घडवली? ज्ञानोबा काय झोपले होते?

मांडवीकाठ: लगेच मराठीचा शिक्का! स्टीफन्सने कोंकणीत शिकवणी लिहिली, व्याकरण लिहिलं, ते बरं नाही आठवत.

खवचटखंडू: आलात मूळपदावर. क्रिस्तपुराणात फुलांतल्या मोगरीची उपमा त्याने कुठल्या भाषेला दिलीय? मराठीलाच!

मांडवीकाठ: गोव्यात पोर्तुगिजांनी १६८४ च्या हुकुमाने कोंकणी सोडा, तीन वर्षांत पोर्तुगीज शिका म्हणून बजावलं, तेव्हा तुमची मोगरी आली नाही धावून. कोंकणी बोलली म्हणून माझ्या आजीने शाळेत छड्या खाल्ल्यात. तुम्ही खाल्ल्यात?

लुआंडारिटर्न: अवांतर पुरे. लुआंडात, म्हणजे अंगोलाच्या राजधानीत, आमचा ड्रायव्हर उत्तरेच्या उईजेकडचा, बाकोंगो, म्हणजे किकोंगो बोलणाऱ्यांतला. आईचा फोन आला की गाडी कडेला घ्यायचा, काच वर करायचा आणि हळू आवाजात किकोंगोत बोलायचा. का रे बाबा? तर म्हणे, लोक ऐकतात आणि झैरवाला, म्हणजे शेजारच्या काँगो देशातून आलेला उपरा, म्हणून हिणवतात. पोरांना घरात फक्त पोर्तुगीज. हे ते उपकार.

खवचटखंडू: एका ड्रायव्हरवरून इतिहास! बरं, राज्य होतं, चलन होतं, घ्या, पेढे वाटा. व्याकरणाचं श्रेय मात्र सोडणार नाही.

मांडवीकाठ: मग १६४० च्या कोंकणी व्याकरणाचंही द्या की. तिथे का जीभ अडखळते?